बर्क-विल्सच्या वाटेवर: मेलबर्न ते डिग ट्री गाडीने कसं जायचं

मेलबर्नमध्ये राहणाऱ्या आणि जून-जुलैच्या सुट्टीत दहा-बारा दिवस मोकळे काढू शकणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. ग्रेट ओशन रोड झाला, उलुरू विमानाने झालं, आता ऑस्ट्रेलियाचा आतला भाग स्वतः गाडी चालवत बघायचाय असं कोणी म्हटलं की मी एकच वाट सुचवतो, १८६० साली खंड दक्षिणेकडून उत्तरेला पार करायला निघालेले बर्क आणि विल्स ज्या वाटेने गेले ती. डिग ट्री म्हणजे कूपर क्रीक नदीच्या काठावर त्यांच्या तळापाशी खूण कोरलेलं झाड. कारण या वाटेवर प्रत्येक मुक्कामाला एक तारीख आहे, तिथे कोणीतरी काहीतरी ठरवलं आणि त्याचे परिणाम पुढे झाले, आणि ती जागा आजही तुम्ही उभं राहून बघू शकता.

आधी गोष्ट थोडक्यात. सोन्याच्या खाणींमुळे व्हिक्टोरिया कॉलनी तेव्हा एकदम श्रीमंत झाली होती, खंडाच्या मध्ये काय आहे हे गोऱ्या लोकांना माहीत नव्हतं, शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियाने दक्षिण-उत्तर पार जाणाऱ्याला २,००० पौंडांचं बक्षीस लावलेलं आणि त्यांचा जॉन मॅकडुअल स्टुअर्ट कामाला लागलेला. मग मेलबर्नच्या रॉयल सोसायटीच्या कमिटीने मोहीम काढली आणि प्रमुख म्हणून रॉबर्ट ओ'हारा बर्क याला नेमलं. हा आयरिश, आधी ऑस्ट्रियाच्या सैन्यात होता आणि तेव्हा कॅसलमेनला पोलीस सुपरिंटेंडंट होता, पण रानात राहायचा त्याला काहीच अनुभव नव्हता. विल्यम विल्स हा सव्वीस वर्षांचा इंग्रज सर्व्हेअर, मोहिमेतला सगळ्यात मन लावून काम करणारा माणूस, रोजची मापं आणि डायरी त्याची. चौघं जण उत्तरेच्या समुद्रापाशी पोचले, परत फिरले, त्यातला एकटा जॉन किंग जिवंत राहिला. पूर्ण मोहिमेत सात माणसं गेली.

पहिला दिवस मेलबर्नमध्येच घालवा

ही चूक बहुतेक जण करतात, गाडी भरतात आणि थेट उत्तरेला निघतात. निघायच्या आधीच्या वीकेंडला अर्धा दिवस काढा. रॉयल पार्कमध्ये, झूच्या जवळच, मोहीम जिथून निघाली तिथे दगडांचं स्मारक आहे. २० ऑगस्ट १८६० ला इथे पंधरा हजार लोक जमले होते, मेलबर्नची तेव्हाची वस्ती बघता हा आकडा प्रचंड आहे. १९ माणसं, २६ उंट, २३ घोडे, सहा वॅगन, वीस टनांच्या आसपास सामान, त्यात ओक लाकडाचं टेबल-खुर्च्या, रॉकेट आणि एक चिनी घंटा सुद्धा. एक वॅगन पार्कमधून बाहेर पडायच्या आधीच मोडली आणि पहिल्या रात्री मंडळी फक्त एसेंडनपर्यंत पोचली, आज तिथे ट्रॅमने जाता येतं.

तिथून ला ट्रोब स्ट्रीटच्या टोकाला रॉयल सोसायटीची इमारत बघा, कमिटी इथे बसायची. मग कार्लटन नॉर्थचं मेलबर्न जनरल सेमेटरी, तिथे बर्क-विल्सच्या कबरीवर ३४ टनांचा एकसंध ग्रॅनाइटचा दगड आहे. जानेवारी १८६३ मध्ये त्यांची सरकारी अंत्ययात्रा निघाली होती. किंगही याच सेमेटरीत आहे, तो १८७२ मध्ये टीबीने गेला, वय जेमतेम ३३.

घरी येऊन स्टेट लायब्ररी व्हिक्टोरियाच्या साइटवर विल्सची डायरी आणि लुडविग बेकरची चित्रं शोधा, सगळं स्कॅन करून ठेवलंय, फुकट आहे. बेकर हा जर्मन चित्रकार आणि निसर्ग अभ्यासक, मोहिमेत पन्नाशीतला माणूस, बर्कने त्याला उंटांचं सामान चढवा-उतरवायला लावलं, दिवसभर चालवलं आणि तरी तो रात्री बसून पाली, मासे, क्षितिजावरचं मृगजळ अशी चित्रं काढत राहिला. माझं प्रामाणिक मत, पूर्ण मोहिमेतून जे काही खरोखर मोलाचं उरलं त्यात ही चित्रं सगळ्यात वर आहेत. त्यातली चार-पाच प्रिंट काढून गाडीत ठेवा, मुलांना त्या त्या जागी दाखवता येतात.

आणि एक छोटी वही करा. डाव्या पानावर गावाचं नाव, उजव्या पानावर १८६०-६१ ची तारीख आणि त्या दिवशी काय झालं ते दोन ओळीत. डार्लिंग नदीकाठचं मेनिंडी गाव सोडलं १९ ऑक्टोबर, कूपर क्रीक ११ नोव्हेंबर, उत्तरेला निघाले १६ डिसेंबर, समुद्राजवळचा शेवटचा कॅम्प ९ फेब्रुवारी, सोबतचा चार्ली ग्रे वारला १७ एप्रिल, डिग ट्रीला परत २१ एप्रिल. ही वही ट्रिपभर कामाला येते, पुढे कळेल कशी.

कधी जायचं

मे ते ऑगस्ट, बास. ऑक्टोबरनंतर जाऊ नका, मार्चच्या आत जाऊ नका. बर्क मेनिंडीहून ऑक्टोबरच्या मध्यानंतर निघाला आणि कूपर क्रीकहून पुढे डिसेंबरच्या मध्यावर, म्हणजे वाळवंटात ऐन उन्हाळा, आणि हे टाळण्यासाठीच आधी कूपर क्रीकला उन्हाळा संपेपर्यंत थांबायचं ठरलं होतं, पण स्टुअर्टशी शर्यत डोक्यात असल्यामुळे त्याला धीर निघाला नाही. आता एसी गाडी आहे म्हणून काय होतंय असं वाटत असेल तर लक्षात घ्या, गाडी बंद पडली की तुम्हीही त्याच चाळीस-पंचेचाळीस डिग्रीत उभे असता.

दुसरा मुद्दा पाण्याचा, म्हणजे पुराचा. कूपर क्रीकला पूर येतो तो तिथल्या पावसाने नाही, क्वीन्सलंडमध्ये शेकडो किलोमीटर वर पाऊस पडतो आणि ते पाणी चॅनल कंट्री म्हणतात त्या सपाट, फाटे फुटलेल्या नद्यांच्या प्रदेशातून पसरत पसरत काही आठवड्यांनी खाली येतं, वर आकाश निळंशार आणि रस्ता पाण्याखाली असं होऊ शकतं. त्यामुळे निघायच्या आधी आणि नंतर रोज सकाळी तिन्ही राज्यांच्या रोड रिपोर्टची पानं बघायची. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड मोठा आहे, आणि चिखलात जे चर पडतात ते तिथल्या स्टेशनवाल्यांना, म्हणजे गुरांच्या मोठमोठ्या फार्मवाल्यांना, पुढे महिनोन्महिने भोगावे लागतात.

गाडी, पाणी, खाणं

ब्रोकन हिल आणि मेनिंडीपर्यंत साधी कार चालते. टिबूबरापर्यंतही आता डांबर आहे. त्याच्या पुढे मात्र उंच फोर-व्हील-ड्राइव्ह हवीच. भाड्याने घेत असाल तर करारात कच्च्या रस्त्याला परवानगी आहे का हे लिहून घ्या, तोंडी नको, कारण बऱ्याच करारांत डांबर सोडलं की विमा संपतो.

टायर हा सगळ्यात महत्त्वाचा खर्च समजा. तिकडे गिबर म्हणतात ते धारदार दगड पसरलेले असतात, आमचा एक टायर टिबूबराच्या पुढे ऐन दुपारी कडेने फाटला आणि एकच स्टेपनी असती तर पुढचे दोन दिवस जीव मुठीत धरून गेले असते. दोन स्टेपनी न्या. कच्च्यावर हवा कमी करायची आणि वेगही कमी ठेवायचा, किती कमी ते तुमच्या टायरवाल्याला गाडीचं भरलेलं वजन सांगून विचारा. सोबत हवेचा पंप, टायर प्लग किट आणि जॅकखाली ठेवायला फळी.

पाणी माणशी दिवसाला दहा लिटर धरा, आणि दोन-तीन दिवस जास्तीचं, एकाच टाकीत नको, वेगवेगळ्या कॅनमध्ये. डिझेल मिळेल तिथे टाकी पूर्ण भरायची, अर्धी आहे चालेल असं नाही. मोबाइलची रेंज गावं सोडली की नाही, म्हणून सॅटेलाइट फोन किंवा किमान पर्सनल लोकेटर बीकन (संकटात उपग्रहामार्फत आपली जागा कळवणारं छोटं यंत्र) हवाच, बीकन भाड्यानेही मिळतो. यूएचएफ रेडिओ असेल तर चॅनल ४० वर ठेवा, समोरून येणारे रोड ट्रेनवाले (अनेक ट्रेलर जोडलेले लांबलचक ट्रक) त्यावर बोलतात.

खाण्याचं आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको पण एक गोष्ट सांगतोच. मोहीम सप्टेंबरमध्ये बॅलरनाल्डला पोचली तेव्हा ओझं फार झालं म्हणून काही सामान तिथेच टाकलं, साखर, काही बंदुका, आणि लिंबाचा रस. स्कर्व्ही, म्हणजे सी जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा आजार, होऊ नये म्हणून खास आणलेला लिंबाचा रस. पुढे मागून येणाऱ्या तुकडीतली माणसं बुलू नदीपाशी आजारी पडून गेली, त्यात बेकर होता. तेव्हा लोणच्याची बरणी घ्याच. ताजी लिंबं, मिरच्या, टोमॅटो, फळं मात्र साउथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत न्यायची नाहीत, फ्रूट फ्लायचे नियम कडक आहेत, तिकडे शिरायच्या आत संपवा. दशम्या पहिले दोन दिवस, मग खिचडी, मेतकूट-भात, उपम्याचं प्रीमिक्स, शेंगदाण्याची चटणी, छोटा कुकर. बर्कने वाटेत हुकूम काढला होता की प्रत्येकाचं खाजगी सामान ३० पौंडांच्या आत, म्हणजे चौदा किलोच्या आसपास. हा आकडा घरच्या बॅगांनाही लावा, छान जमतो.

वाट कशी आखायची

पहिल्या दिवशी स्वान हिल, ३४० किमीच्या आसपास. मोहिमेला इथे यायला सतरा दिवस लागले, सततचा पाऊस आणि चिखल. दुसऱ्या दिवशी बॅलरनाल्ड बघून मिल्ड्युराकडे वळा. बॅलरनाल्डहून थेट मेनिंडीला जाणारे मूळ वाटेच्या जवळचे रस्ते आहेत पण कच्चे आणि लांब, पहिल्या खेपेला मी तरी मिल्ड्युरा-ब्रोकन हिल असा डांबरी वळसाच घ्यायला सांगेन. तिसऱ्या दिवशी ब्रोकन हिल, इथे घड्याळ अर्धा तास मागे कारण हे गाव न्यू साउथ वेल्समध्ये असूनही साउथ ऑस्ट्रेलियाची वेळ पाळतं. फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचा तळ आहे तो मुलांना दाखवा. खरेदी, टायर, पाणी, सगळं इथे आटपायचं.

चौथा दिवस पूर्ण मेनिंडीला द्या, ब्रोकन हिलहून ११० किमी, रात्री परत येता येतं. लोक मेनिंडी सोडून देतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण मोहिमेचं जे काही वाटोळं झालं त्याची सुरुवात इथे डार्लिंग नदीच्या काठी झाली. बर्कचं आणि उंटांचा प्रमुख जॉर्ज लँडेल्सचं इथे भांडण झालं, उंटांसाठी आणलेल्या रमवरून आणि एकूणच कारभारावरून, लँडेल्स राजीनामा देऊन परत गेला. विल्स दुसऱ्या नंबरवर आला, आणि तिसऱ्या नंबरवर बर्कने विल्यम राइट नावाच्या तिथल्याच एका माणसाला घेतलं, ज्याला तो नुकताच भेटला होता. मोहिमेचे दोन तुकडे केले. निम्मी माणसं आणि चांगली जनावरं घेऊन बर्क पुढे, राइटने उरलेलं सामान मागून लवकर आणायचं. राइट निघाला २६ जानेवारीला. तीन महिने तो मेनिंडीला बसून राहिला, कमिटीकडून नेमणूक पक्की व्हायची वाट बघत. पामामारू क्रीकच्या काठावर, जिथे ही मागची तुकडी थांबली होती, तिथे एक तास बसा आणि वहीतलं हे पान वाचा.

मेनिंडीतच आपल्याशी जोडलेला एक धागा आहे. लँडेल्सने उंट आणले ते कराचीहून जहाजाने, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. उंटांसोबत तिकडचीच माणसं आली, मोहिमेच्या कागदांत त्यांना सिपॉय म्हटलंय. दोस्त महंमद, एसाऊ खान, बलुच आणि सामला. सामला हिंदू होता, शिध्यात मांसावर भर, त्याचं खाण्याचं जमेना, थोड्याच दिवसात तो मोहीम सोडून गेला. परक्या देशात, भाषा येत नसताना, रस्त्यात उतरून एकट्याने परत फिरणं म्हणजे काय असेल याचा विचार मी नेहमी करतो. दोस्त महंमद कूपर क्रीकच्या तळावर चार महिने राहिला, पुढे एका उंटाने चावून त्याचा हात निकामी केला, आणि तो मेनिंडीतच राहिला आणि तिथेच गेला. गावाबाहेर त्याची कबर आहे. गावात विचारलं की वाट सांगतात. फुलं घेऊन जा, बर्कच्या दगडाला फुलं वाहणारे खूप आहेत. जॉन किंग सुद्धा हिंदुस्थानातूनच आलेला, आयरिश सैनिक, १८५७ च्या वेळी तो इकडे होता आणि लँडेल्सबरोबर उंट घेऊनच ऑस्ट्रेलियाला उतरला.

पाचव्या दिवशी ब्रोकन हिलहून टिबूबरा, ३३० किमी आणि थोडं. वाटेत मिलपरिंका लागतं, तिथून जवळ डेपो ग्लेन, जिथे १८४५ मध्ये शोधमोहिमेवर आलेला चार्ल्स स्टर्ट पाण्याच्या एका डबक्यापाशी सहा महिने अडकला होता कारण बाकी सगळीकडचं पाणी आटलं होतं. मध्यभागी मोठा समुद्र असेल या आशेने तो होडी घेऊन आला होता. त्या होडीची प्रतिकृती टिबूबरात उलटी टांगलेली दिसेल. कूपर क्रीकला नाव देणारा हाच स्टर्ट. उन्हं कलायच्या आत मुक्कामाला पोचायचं हा नियम इथून पुढे अजिबात मोडू नका, संध्याकाळी कांगारू आणि इमू रस्त्यावर येतात आणि सरळ गाडीवर धावतात.

सहाव्या दिवशी कॅमरन कॉर्नर, तीन राज्यांचा कोपरा आणि डिंगो फेन्सचं, म्हणजे डिंगो या रानकुत्र्यांना अडवणाऱ्या लांबलचक कुंपणाचं, दार, दार उघडलं तर बंद करून पुढे जायचं. तिथून वाळूच्या टेकड्या ओलांडत इनामिंका. गाव म्हणजे एक हॉटेल, एक दुकान-कम-पेट्रोलपंप आणि कूपरच्या काठाला तंबू लावायची जागा. रिझर्व्हमध्ये कॅम्पिंगला पास लागतो, आधीच ऑनलाइन काढा, तिथे रेंजचा भरवसा नाही. ब्रिस्बेनकडून येणाऱ्यांनी थारगोमिंडावरून अॅडव्हेंचर वेने यावं, तो रस्ता बराच सोपा आहे.

डिग ट्री कसं बघायचं

इनामिंकाहून सुमारे ७० किमी, हद्द ओलांडून क्वीन्सलंडमध्ये, नप्पा मेरी स्टेशनच्या जागेत. प्रवेशाला थोडी फी आहे. इथे घाईघाईत अर्धा तास थांबून फोटो काढून निघू नका. दुपारी पोचा आणि शक्य असेल तर तिथेच काठावर मुक्काम करा.

झाड कूलिबाचं (निलगिरीची एक जात) आहे, मुळांना इजा होऊ नये म्हणून भोवती लाकडी बोर्डवॉक केलाय, त्यावरूनच फिरायचं. क्रीकच्या बाजूने बघा, खोडावर बी आणि खाली रोमन आकड्यात ६५ अजून वाचता येतं, बर्कचा पासष्टावा कॅम्प. तारखांची आणि 'डिग' (खणा) या शब्दाची खूण सालीने गिळून टाकलीय, ती दिसत नाही म्हणून निराश होऊ नका. थोडं पुढे दुसऱ्या झाडावर बर्कचा चेहरा कोरलेला आहे तो १८९८ मध्ये जॉन डिक याने कोरला, मोहिमेच्या वेळचा नाही, मुलांना हे आधीच सांगा.

आता वही काढा आणि क्रमाने वाचा. आधीच्या कॅम्पवर उंदरांनी अन्न फस्त करायला सुरुवात केली म्हणून ६ डिसेंबरला तळ इथे हलवला. चॅनल कंट्रीत पुरानंतर उंदरांची अशी लाट आजही येते. १६ डिसेंबरला बर्क, विल्स, किंग आणि चार्ली ग्रे सहा उंट, एक घोडा आणि बारा आठवड्यांचं अन्न घेऊन उत्तरेला गेले. तळावर विल्यम ब्राहे, सोबत पॅटन, मॅकडोनो आणि दोस्त महंमद. तीन महिने थांब असं बर्कने सांगितलं, विल्सने हळूच चार महिने थांब म्हणून सांगितलं. ब्राहे चार महिने आणि पाच दिवस थांबला. राइट आलाच नाही, पॅटन घोड्यावरून पडून जखमी, अन्न कमी होत चाललेलं. २१ एप्रिल १८६१ ला सकाळी त्याने काही अन्न एका पेटीत घालून पुरलं, बाटलीत चिठ्ठी ठेवली, झाडावर खूण कोरली आणि निघाला.

संध्याकाळी तिघं जण आले. ग्रे चार दिवसांपूर्वीच गेला होता, त्याला पुरण्यात या खंगलेल्या माणसांचा एक पूर्ण दिवस गेला होता. तळ रिकामा, राख गरम. ब्राहे त्या रात्री फक्त २२ किमीवर मुक्कामाला होता पण चिठ्ठीत जनावरं चांगल्या स्थितीत आहेत असं लिहिलेलं, त्यामुळे आपण गाठू शकणार नाही असं यांनी धरलं.

सूर्य कलताना तिथे बसून हे मोठ्याने वाचा. आमच्याकडे सगळे गप्प झाले, शेजारच्या तंबूतलं एक ऑस्ट्रेलियन जोडपं येऊन विचारायला लागलं की काय वाचताय, मग त्यांना इंग्रजीत परत सांगितलं.

यानंतरचा भाग मी सगळ्यात जास्त तळमळून सांगतो. विल्स आणि किंगचं म्हणणं होतं की आल्या वाटेनेच डार्लिंगकडे जाऊ. बर्कने ठरवलं की क्रीकच्या काठाने नैर्ऋत्येला माउंट होपलेसकडे जायचं, सुमारे २४० किमी. त्यांनी आपली चिठ्ठी पेटीच्या जागी पुरली, माती पूर्ववत केली, वर कचरा पसरला म्हणजे कोणाला कळू नये, आणि झाडावरची खूण तशीच ठेवली. ८ मे ला ब्राहे आणि राइट घोड्यावरून परत बघायला आले. खूण तीच, तारीख तीच, माती तशीच. कोणी आलं नाही असं समजून ते खणलेच नाहीत आणि निघून गेले. त्यावेळी ती तिघं सुमारे ३५ मैलांवर जिवंत होती.

म्हणून आपला निरोप कसा ठेवायचा ते नीट सांगतो. निघायच्या आधी मेलबर्नमधल्या एका भरवशाच्या माणसाला कागदावर लिहून द्या, व्हॉट्सअॅपच्या गर्दीत हरवणारा मेसेज नको: गाडीचा नंबर आणि रंग, माणसं किती, रोजचा मुक्काम, सॅटेलाइट फोनचा नंबर, आणि कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, तिच्याशिवाय समोरचा माणूस विचार करत बसतो, अजून एक दिवस बघू म्हणतो. बेत बदलला तर बदल झाल्या झाल्या कळवायचं, गाव सोडायच्या आधी. कॅम्प सोडून पायी लांब जाणार असाल तर गाडीच्या काचेवर चिठ्ठी लावा, तारीख, वेळ आणि दिशा लिहून. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालायला लागू नका, वरून शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही. आणि वेळ सांगताना कुठली वेळ ते सांगा, डिग ट्री क्वीन्सलंडच्या वेळेवर आणि इनामिंका अर्धा तास मागे, एवढ्या फरकानेही घरच्यांचा जीव टांगणीला लागतो.

इनामिंकाच्या तीन जागा

परत इनामिंकाला येऊन एक पूर्ण दिवस ठेवा. क्रीकच्या काठाने तीन खुणा आहेत, बर्क गेला ती जागा, विल्स गेला ती, आणि किंग सापडला ती. क्रम विल्स, बर्क, किंग असा ठेवा, काळाचा तोच क्रम आहे, गाडी थोडी उलटसुलट फिरवावी लागली तरी चालेल.

जाताना पाण्याकडे बघत जा. पेलिकन आहेत, मासे आहेत, शिंपले आहेत, काठाला मोठे गम ट्री, आणि इथे माणसं उपाशी मेली. इथले मूळ रहिवासी यांद्रुवांधा लोक या काठावर पिढ्यान् पिढ्या नीट राहत होते, त्यांनी या तिघांना मासे दिले, नार्डूच्या पिठाच्या भाकरी दिल्या. एकदा सामान उचलल्यावरून बर्कने गोळी झाडली आणि ती माणसं दूर गेली. मग यांनी स्वतः नार्डू गोळा करून दळून खायला सुरुवात केली. नार्डू म्हणजे आपल्याकडे कोकणात भातखाचरात चार पानांची पाणवनस्पती दिसते ना, तिच्या चुलत घराण्यातली. तिच्या बीजकोशांत थायमिनेज असतं, ते शरीरातलं बी-वन जीवनसत्त्व नष्ट करतं. यांद्रुवांधा बायका ते भरपूर पाणी घालून वाटायच्या, त्याने हे विष बरंचसं निघून जातं असं अभ्यासक मानतात, या तिघांनी ती रीत शिकून घेतली नाही. पोट भरत होतं आणि माणूस वाळत होता. शेवटच्या दिवसांत विल्सने डायरीत लिहिलंय की नार्डूवर उपाशी मरणं तसं फार त्रासाचं नाही, फक्त अशक्तपणा फार येतो. काठावर नार्डू दिसली तर फोटो काढा, तोडू नका आणि चाखून बघायचा मोह तर अजिबात नको.

विल्स आणि बर्क जून अखेर-जुलैच्या सुरुवातीला गेले. किंग एकटा उरला, तो यांद्रुवांधांच्या मागे गेला, आणि त्यांनी त्याला ठेवून घेतलं, अडीच महिने खाऊ घातलं. १५ सप्टेंबर १८६१ ला शोधायला आलेल्या आल्फ्रेड हॉविटच्या तुकडीला तो सापडला. किंगच्या खुणेपाशी गेलात की मुलांना सांगा की या जमिनीवरचा यांद्रुवांधा यावरावरका लोकांचा हक्क कोर्टाने २०१५ मध्ये मान्य केलाय, ते लोक आजही आहेत. काठावर दगडी हत्यारांचे तुकडे, शिंपल्यांचे ढीग दिसतील, हात लावायचा नाही, खिशात घालायचं तर मुळीच नाही.

वेळ असेल तर इथूनच कूंगी लेक्सला एक दिवस, पक्षी बघणाऱ्यांनी चुकवू नये. उत्तरेच्या कार्पेंटेरिया आखातापर्यंत जायचं असेल तर ती वेगळी ट्रिप धरा, क्वीन्सलंडमध्ये नॉर्मंटनजवळ शेवटचा कॅम्प ११९ आहे. बर्क आणि विल्स तिथून पुढे खारफुटीत शिरले, पाणी खारट लागलं, भरती-ओहोटी दिसली, पण चिखलातून पुढे जाता येईना, समुद्र त्यांना दिसलाच नाही.

परतीला आल्या वाटेनेच या, स्ट्रझेलेकी ट्रॅकने अॅडलेडकडे उतरायचा मोह होतो पण दिवस मोजून बघा. आणि ब्रोकन हिलला रेंज आली की पहिलं काम, ज्याच्याकडे तो कागद दिलाय त्याला फोन करून सांगायचं, आलो, सगळे ठीक, कागद फाडून टाक.